तेविसावं प्रकरण

अमेरिकन कादंबरीतल्या माणसाला नैतिक पेच पडला, की आधी त्याच्या आजूबाजूची शंभर मैल जमीन रिकामी होते. वर आभाळ, खाली गवत नाहीतर समुद्र, आणि मधोमध हा आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी. दोघांना भांडायला ऐसपैस जागा. चारशे पानं भांडून झाली की हा उठतो, गावात जातो, चारचौघांत उभा राहतो आणि खरं काय ते सांगून टाकतो. पुढे त्याला फाशी होवो की हार पडोत, पेच सुटलेला असतो.

हा सिद्धांत प्राध्यापक त्र्यंबक आगाशे यांचा. ठाण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवताना आणि निवृत्तीनंतर कल्याण-डोंबिवलीतल्या तमाम व्याख्यानमालांत त्यांनी तो इतक्या वेळा मांडला होता, की फडके रोडवरची कबुतरंसुद्धा 'चारचौघांत उभा राहतो' हे शब्द आले की उडायची थांबत आणि टाळ्या संपेपर्यंत तारेवर बसून राहत.

आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी खुद्द त्र्यंबकरावांनाच पेच पडला होता, आणि त्यासाठी त्यांच्या वाट्याला आलेली जागा होती पाचशे चाळीस चौरस फूट. त्यातल्या बाल्कनीत मंदाकिनीबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या, म्हणजे तीही गेली.

सकाळी दहाला ते डोळे मिटून खुर्चीत पेचात पडायला बसले. दहा वाजून चार मिनिटांनी गॅसवाला आला. तो गेल्यावर पुन्हा डोळे मिटले, तर खालच्या मजल्यावरच्यांचं पार्सल घेऊन एक मुलगा आला, "काका, ओटीपी सांगा ना," म्हणून हटून बसला. मग सोसायटीचा सेक्रेटरी टाकी धुण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला. साडेअकराला त्यांना जरा कुठे पश्चात्तापाचा सूर सापडतोय असं वाटलं, तोवर आतून हाक आली, "अहो, नुसतेच बसलाय तर लसूण तरी सोला."

"मंदा, मी नुसता बसलेलो नाही!" त्र्यंबकराव ओरडले. "मी विचार करतोय!"

"मग लसूण सोलताना करा. त्याने काय विचाराला वास येतो?"

प्रकरण सुरू झालं होतं एका फोनने. फोन ठाण्याहून उर्वीचा. उर्वी म्हणजे त्र्यंबकरावांच्या एकुलत्या एका गाजलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशनाची तरुण संपादक. पुस्तकाचं नाव 'मोजणीदार'. एका विस्मरणात गेलेल्या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीचा हा अनुवाद अठ्ठ्याऐंशी साली आला, त्याला अनुवादाचा पुरस्कार मिळाला, आणि आता तो एका विद्यापीठात अभ्यासाला लागणार होता.

"सर, मी मूळ इंग्रजी पुस्तक शोधलं," उर्वी म्हणाली. "नेटवर स्कॅन केलेलं आहे. मस्त भाषांतर झालंय तुमचं, एकेक वाक्य ताडून पाहिलं मी. फक्त एकच. तेविसावं प्रकरण कुठून आणलंत?"

त्र्यंबकरावांच्या हातातला रिसीव्हर जड झाला. मोबाइल होता, पण जड रिसीव्हरासारखाच झाला.

गोष्ट अशी होती. कादंबरीचा नायक एझ्रा पिकेट हा कॅन्सासच्या माळावरचा जमीन मोजणारा माणूस. सगळ्या गावाचा त्याच्या मोजणीच्या साखळीवर विश्वास. एकदा तो आपल्या भावासाठी हद्दीची खूण चाळीस पावलं सरकवतो, आणि हॅना नावाच्या विधवेची विहीर भावाच्या हद्दीत जाते. कुणालाच कळत नाही. हॅना रोज दोन मैलांवरच्या नदीवरून बादल्या वाहते आणि एझ्रा रोज खिडकीतून ते पाहतो. बावीस प्रकरणं तो नुसता पाहतो आणि तळमळतो.

त्र्यंबकरावांनी हे पुस्तक रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलं होतं. बावीस प्रकरणांचा अनुवाद संपवून ते तेविसाव्याला आले, तेव्हा कळलं की शेवटची सोळा पानंच नाहीत. रद्दीवाल्याने ती आधीच कुणाच्यातरी शेंगदाण्यांना दिली होती. इकडे प्रकाशकाने सोमवारी छपाईला हवं म्हणून धोशा लावलेला. दुसरी प्रत मुंबईत नाही, अमेरिकेला पत्र टाकावं तर उत्तर यायला पावसाळा उलटणार.

दुसरा कुणी असता तर त्याने हात टेकले असते. पण त्र्यंबकराव पडले मास्तर. 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर काढला होता आणि आयुष्यभर तपासला होता. त्यांना क्षणभरही वाटलं नाही की आपण काही बनावट करतोय. एझ्रा शेवटी काय करणार हे कुठल्याही सुशिक्षित माणसाला समजत होतं! त्यांनी तीन दिवसांत जागा भरली. रविवारी चर्चमध्ये एझ्रा उभा राहतो, सगळं सांगतो. गाव थुंकतं, भाऊ तोंड फिरवतो. एझ्रा एकटा बाहेर पडतो, आणि दारात हॅना उभी. हातात तिच्या विहिरीचं पाणी. ती म्हणते, "खोटं बोलणाऱ्याला मी पाणी देत नाही. तू आज खरं बोललास. घे." एझ्रा पितो. संपलं.

महाराष्ट्र रडला. डोंबिवली पूर्वेला तर अशी रडली, म्हणतात, की त्या आठवड्यात महापालिकेला पाणी कमी सोडावं लागलं.

पुढे त्र्यंबकरावांनी अमेरिकन साहित्यातल्या नैतिक पेचांचा तो सिद्धांत मांडला आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून दर वेळी तेविसावं प्रकरण वाचून दाखवलं. एका मुलीने त्यावर पीएचडी केली. स्वतः आंबवलेलं पीठ घरोघर वाटून परत तेच चाखत हिंडणाऱ्या माणसासारखे ते पस्तीस-छत्तीस वर्षं हिंडले, आणि कुठेतरी मधल्या काळात, ते पीठ आपलंच आहे, हे प्रामाणिकपणे विसरून गेले.

"मुळात काय आहे शेवट?" त्यांनी उर्वीला विचारलं.

"एझ्रा काहीच सांगत नाही, सर. गप्प बसतो. पुढे मेयर होतो. म्हातारा होऊन अंथरुणात मरतो, चौकात पुतळा होतो. शेवटच्या ओळीत हॅना त्या पुतळ्यासमोरून नदीला चाललीय."

"आणि?"

"आणि काही नाही. तेवढंच."

त्र्यंबकरावांना अमेरिकेचा भयंकर राग आला. एवढा मोकळा माळ, एवढं आभाळ, चारशे पानं, आणि शेवटी गप्प बसायचं? हे तर डोंबिवलीतही जमतं!

दुसऱ्या दिवशी ते ठाण्याला उर्वीच्या ऑफिसात गेले. मनात वाक्यं तयार होती. 'माझ्या हातून एक अपराध घडला आहे,' इथून सुरुवात. उर्वी एकीकडे सँडविच खात होती.

"सर, टेन्शन नका घेऊ. आतल्या पानावर 'अनुवाद' ऐवजी 'स्वैर अनुवाद' टाकू. झालं."

"झालं कसं? उर्वी, हा नैतिक पेच आहे."

"नाही हो सर, एका पानाचा बदल आहे. नाहीतर असंही करता येईल," तिने एक कागद पुढे केला, "हे छापील आहे. 'मूळ कृतीचा संपूर्ण आणि प्रामाणिक अनुवाद.' युनिव्हर्सिटीला हेच हवंय. तुम्ही सही करा, मी काही पाहिलंच नाही. तसंही इथे इंग्रजी कोण वाचतंय? तुमचा शेवट भारी आहे. मला तर तोच आवडतो."

"पण लोक मला काय म्हणतील?"

"कळलं तर म्हणतील ना."

कागद घडी करून खिशात घालत त्र्यंबकराव निघाले. अमेरिकन माणसाच्या अपराधाची निदान कुणी दखल तरी घेतं. शेरीफ येतो, कोर्ट बसतं, पाद्री हादरतो. इथे ते आपली पापं हातात घेऊन दारोदार फिरत होते आणि लोक चहा विचारत होते.

रविवारी त्यांनी वाचक मंडळात प्रयत्न केला. "तेविसावं प्रकरण खरं तर माझंच आहे," ते घसा खाकरून म्हणाले. अध्यक्ष अनिमेष लेले लगेच उठले. "पाहा! अनुवादक मूळ कृतीशी किती एकरूप होतो पाहा! सर म्हणतात, ते प्रकरण माझंच आहे! याला म्हणतात परकायाप्रवेश!" टाळ्या पडल्या. बाहेर कबुतरं तारेवर बसली.

घरी येऊन त्यांनी चपला कोपऱ्यात फेकल्या.

"मंदा, तुला एक सांगायचंय. तेविसावं प्रकरण मी रचलेलं आहे."

"मग? मला काय नवीन सांगताय? फेअर कॉपी कुणी केली होती?"

"तुला माहीत होतं?"

"बावीस प्रकरणं तुम्ही इंग्रजी पुस्तक मांडीवर ठेवून लिहिलीत. तेविसावं लिहिताना पुस्तक कपाटात होतं. मला वाटलं, पाठ झालं असेल." मंदाकिनीबाईंनी कुरडयांचं ताट आत आणलं. "मला त्यात काही वाईट वाटलं नाही. पुस्तक म्हटलं की कुणीतरी रचलेलंच असणार. पण गणूला सांगितलंत का?"

त्र्यंबकराव फेकलेल्या चपला उचलून नीट लावू लागले.

"पस्तीस वर्षं त्याने आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या खातोय आपण," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

गणू मढवी हा त्र्यंबकरावांचा सगळ्यात मोठा हुकमाचा पत्ता. शीळफाट्याजवळच्या गावातला आगरी तरुण, एकवीस वर्षांचा, तेव्हा एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला. गणपतीतल्या निबंध स्पर्धेत दुसरा आला आणि बक्षीस म्हणून त्याला 'मोजणीदार' मिळालं. त्याने ते एका रात्रपाळीत वाचलं. त्याच वर्षी त्याचा बाप वारला होता, आणि मरताना सांगून गेला होता की सगुणाकाकीच्या शेतातला बांध मीच सरकवला, अकरा गुंठे आपल्यात घेतले, कुणाला बोलू नको. गणूने पुस्तक मिटलं, गावदेवीच्या देवळात गावकीपुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं. अकरा गुंठे चुलत्याच्या विधवेला परत दिले. सख्खा भाऊ त्यावरून वेगळा झाला. मग रस्ता रुंद झाला, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि आज त्या अकरा गुंठ्यांवर लग्नाचा एसी हॉल उभा आहे. काकीच्या मुलांचा.

दर गणपतीत गणू डोंबिवलीला यायचा, पिशवीभर तांदळाचं पीठ ठेवायचा, सरांच्या पाया पडायचा. आणि त्र्यंबकराव व्याख्यानात सांगायचे, "साहित्याने काय होतं म्हणता? शीळफाट्याला जाऊन पाहा!" स्वतः मात्र ते तिथे एकदाही गेले नव्हते. गणूला कधी विचारलंही नव्हतं, की बाबा, पुढे काय झालं. पुढचं त्यांना माहीत होतं. तेविसाव्या प्रकरणात होतंच ते.

सोमवारी दुपारी ते रिक्षात बसले. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि त्यांच्या मधल्या फटींतून सगळा ठाणे जिल्हा एकाच वेळी पलीकडे जायला निघाला होता. आठ किलोमीटरला पावणेदोन तास लागले. एका खांबाशी रिक्षा इतका वेळ उभी होती, की ते थांबले तेव्हा खांब छातीइतका होता आणि निघाले तेव्हा त्यावर स्लॅब पडला होता. अशा माणसाने मनात कबुलीजबाब तरी किती वेळ ताजा ठेवायचा? मानपाड्यापर्यंत त्यांचा पश्चात्ताप उरला होता. पुढे नुसतीच चिडचिड.

गणूचं घर दुमजली, गुलाबी रंगाचं, अंगणात दोन मोटारसायकली. गणू आता छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, कानाला मोबाइल लावून कुणालातरी वाळूवरून झापत होता. त्र्यंबकरावांना पाहिलं आणि त्याने फोन तसाच खिशात टाकला.

"अरे देवा! सर, तुमी? फोन तरी कराचा, गारी पाठवली असती! जया, ओ जया, सर आयलंत बघ! आपलं अमेरिकावालं सर!"

जया, त्याची बायको, पदराला हात पुसत आली. खुर्ची आली, पंखा वळला, सरबत आलं, फरसाण आलं, "जेवूनच जाचा" असं ठरूनही गेलं. त्र्यंबकरावांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा त्यात कुणीतरी काहीतरी घातलं.

"गणू!" शेवटी ते बशी बाजूला सारून ओरडलेच. "मला बोलू दे! 'मोजणीदार'चा शेवट मूळ पुस्तकात नाही!"

"म्हंजे?"

"त्या अमेरिकन माणसाने लिहिलेला शेवट वेगळा आहे. त्यात एझ्रा कुणालाच काही सांगत नाही. गप्प बसतो, मोठा माणूस होतो, मरतो. हॅनाला विहीर मिळत नाही. आपल्या पुस्तकातलं ते प्रकरण मी लिहिलं. पानं फाटली होती म्हणून. डोंबिवलीत बसून."

जया दाराशी थांबली.

"चर्चमदी उभा ऱ्हातो, ता पन तुमीच?"

"मीच." त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. "तुझी अकरा गुंठे जमीन माझ्यामुळे गेली, गणू. आज तिची काय किंमत—"

"जमिनीचा सोरा हो!" गणू एकदम उसळला. "जमीन काकीचीच व्हती. ती आज ना उद्या द्याचीच व्हती. पानी कुनी लिवला?"

"कुठलं पाणी?"

"ती बाय पानी देते त्याला! खरा बोलला म्हनून! ता कुनी लिवला?"

"तेही... मीच."

गणू उठला, अंगणापर्यंत गेला, परत आला.

"सर, तुमाला म्हाईत हाय का मी काय केलाय? देवलात बोललू, त्या दिवशी संद्याकाली काकीच्या दारात जाऊन उभा ऱ्हायलू. बोललू, आता देल पानी. तिनं दार लावून घेतला. दुसऱ्या वर्सी दिवालीच्या पाडव्याला गेलू. नाय. मंग मी पुस्तक परत वाचला. 'खोटा बोलनाऱ्याला मी पानी देत नाय.' म्हंजे माझ्यातच कायतरी खोट हाय! कायतरी सांगाचा ऱ्हायलाय! मंग मना आठवला, ल्हानपनी तिच्या आंब्याच्या कैऱ्या चोरल्या. पुढच्या पाडव्याला जाऊन सांगला. नाय दिला पानी. मंग लोनच्याची बरनी फोरलेली ती सांगली. मंग तिची कोंबरी."

"कोंबडी?"

"तलावावर नेऊन भाजून खाल्ली, सन एकोनऐंशी. ता सांगला, तवा तिनं केरसुनी फेकून मारली. मी बोललू, अजून कायतरी हाय. दर वर्सी नवीन आठवाचा! पस्तीस वर्सं, सर! माझी पापा संपली, मंग मी भावाची सांगली, मंग आज्याची सांगली!"

"मी बोलाची ह्यांना," जया दारातून म्हणाली, "पाडव्याला ववालाला बसवला का ह्यांचा ध्यान पापांत. म्हंजे ता सगला तुमच्यामुलं?"

इतकी वर्षं ते या माणसाची गोष्ट व्यासपीठावरून सांगत होते, आणि काकीच्या दाराशी उभा राहून हा स्वतःत खोट शोधत होता. जमीन द्यायला लावली हा त्यांचा अपराध नव्हताच. ते करून झाल्यावर पाणी मिळतं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि लोकांनी रडावं म्हणून लिहिलं होतं. त्या अमेरिकन लेखकाने निदान कुणाला असलं वचन दिलं नव्हतं.

"म्हंजे माझ्यात खोट नव्हती?" गणूने विचारलं.

"नव्हती रे."

गणू खाली बसला. मग तो उठला आणि त्याने त्र्यंबकरावांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, पण त्यात अमेरिका होती, डोंबिवली होती, पुरस्कार होता, आणि मध्येमध्ये "सर" होतं. त्र्यंबकरावांना, खरं सांगायचं तर, आठवड्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. कुणीतरी त्यांना एकदाचं दोषी धरत होतं.

"चला," गणूने त्यांचं मनगट धरलं.

"कुठे?"

"काकीकरं. तिला सांगा."

"अरे, तिला काय समजणार कादंबरी?"

"ता तुमी बघा. एकतीस वर्सं शिकवलाव ना?"

सगुणाकाकी चौऱ्याऐंशी वर्षांची, शेजारच्या घराच्या ओटीवर बसून सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. गणूला पाहताच तिने शेजारची केरसुणी जवळ ओढली.

"आज काय दिवालीचा पारवा हाय का रं? का नवीन पाप गावला?"

"काकी, यो सर काय बोलतान ता ऐक."

आणि त्र्यंबकरावांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड व्याख्यान दिलं. कॅन्सासचा माळ, मोजणीची साखळी, चाळीस पावलं. काकीने करंदीतून मान वर केली नाही. हॅनाची विहीर गेली, तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

"मंग? दिली का त्यानं परत?"

"खऱ्या पुस्तकात नाही."

"आन् त्याचा काय झाला?"

"मेयर झाला. पुतळा उभारला त्याचा."

"बराबर," काकी समाधानाने म्हणाली. "असाच असतंय. लिवनारा हुशार हाय."

"पण मी जो शेवट लिहिला," त्र्यंबकराव कसेबसे म्हणाले, "त्यात तो सगळ्यांसमोर खरं सांगतो. आणि ती बाई त्याला पाणी देते."

"पानी? त्याला? कनाला?"

एका मुलीने त्या पाण्यावर तीनशे पानांची पीएचडी केली होती, पण 'कशाला' याचं उत्तर त्यातही नव्हतं.

"माझी आकरा वर्सांची पेरनी गेली, पोरा उपाशी झोपली," काकी म्हणाली. "त्याच्या बापानं खाल्ला, ता ह्यानं परत दिला. माझा व्हता ता मना दिला. त्यात पानी कसला द्याचा?" मग ती गणूकडे वळली. "म्हंजे तू दर पारव्याला पानी मांगाला येवाचास?"

"मंग? तुला काय वाटला?"

"मना वाटला, तू जमीन परत मांगाला येतंस! गोर गोर बोलून, कैऱ्या न् कोंबऱ्या सांगून! म्हनून तर दार लावाची मी! माझी पोरा पन बोलतान, आये, त्याला घरात घेव नको, कागद करून घेल."

"जमीन? मी?" गणूचा आवाज चिरकला. "मी दिली ना ती! सोताच्या हातानं!"

"दिली म्हनूनच! देनाराच मांगाला येतंय!"

"काकी, तुज्या डोक्यात भूसा भरलाय काय?"

"तुज्या बापाच्या डोक्यात व्हता! आन् ती कोंबरी तू नाय खाल्ली, तुज्या बापानंच नेली, मी बघलेली! तरी तू खोटाच बोललास!"

"मी खाल्ली! मी आन् बाल्या! पिसा पन पुरली!"

दोघं असे जुंपले, की बोलता सोय नाही. पस्तीस वर्षांत ज्यांच्यात धड एक वाक्य झालं नव्हतं, त्यांची वाक्यं आता एकमेकांवर चढत होती. काकीने केरसुणी टाकली, कारण हातवारे करायला दोन्ही हात लागत होते. क्षमा नव्हती, अश्रू नव्हते, कुणी कुणाला काही दिलं नाही. त्र्यंबकराव दोघांच्या मध्ये ओटीच्या पायरीवर अडकून उभे होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा शेवट अमेरिकेलाही सुचला नसता आणि आपल्यालाही नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. उर्वी.

"सर, त्या कागदावर सही केलीत का? छपाई थांबलीय त्याच्यासाठी. आजच पाठवायला लागेल."

त्र्यंबकरावांनी खिशातून कागद काढला. 'संपूर्ण आणि प्रामाणिक.' वाचून झाल्यावर त्यांनी त्याचे चार तुकडे केले. पुरस्कार, व्याख्यानं, हार, शाली सगळं त्या चार तुकड्यांत होतं, आणि त्यांना आयुष्यात दुसरं काही जमलेलं नव्हतं.

"उर्वी, सही नाही. माझं तेविसावं प्रकरण काढून टाक. त्या लेखकाचं घाल, मी आठ दिवसांत अनुवाद करून देतो. आणि प्रस्तावनेत सगळं लिहितो."

"काय? हॅलो? सर, मागे कुणीतरी भांडतंय का?"

"प्रकरण मी लिहिलं होतं, असं छाप!"

"काय छापू? कोंबडी?"

"तेविसावं प्रकरण!" त्र्यंबकराव ओरडले. "मी लिहिलं! खोटं आहे ते! पुरस्कार परत करतो!"

"आवाज तुटतोय, सर. पुरस्काराचं काय?"

"मी फसवलं!" त्र्यंबकरावांनी छातीतली सगळी हवा लावली. "लोकांना छत्तीस वर्षं फसवलं! मी! त्र्यंबक आगाशे!"

आळीतली दारं उघडली. गणू आणि काकी भांडायचे थांबले. समोरच्या ओटीवरचा म्हातारा जागा झाला. लग्नाच्या हॉलबाहेर टेम्पोतून खुर्च्या उतरवणारी माणसं हातात खुर्च्या घेऊन तशीच उभी राहिली. वीस-पंचवीस जण एका घामाघूम, फोनवर ओरडणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहत होते. चारचौघांत उभं राहणं म्हणतात ते हेच असावं, असं त्र्यंबकरावांना वाटून गेलं. ते थांबले. आता कुणीतरी थुंकेल, तोंड फिरवेल, काहीतरी म्हणेल.

"काय झाला वो त्यांना?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"काय नाय," जया कुंपणावरून म्हणाली. "रेंज नाय इथं. सर, वर गच्चीत जा, तिथं लागतंय बराबर."

माणसं खुर्च्या घेऊन आत गेली. दारं लागली. काकी म्हणाली, "तू खाल्लीस, मंग तिचा रंग सांग," आणि गणूने तोंड उघडलं.

त्र्यंबकरावांनी फोनकडे पाहिलं. तो कट झाला होता. त्यांनी तोंडातल्या तोंडात अमेरिकेच्या एका लेखकाला, रद्दीवाल्याला आणि मोबाइल कंपनीला एकत्रच एक शिवी दिली, गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला ते गणूच्या गच्चीचा जिना चढू लागले.